सतरा वर्षांनी पुन्हा जुळलेले सूर

कॉलेजच्या मुलामुलींना एकेकाळी वेड लावणारा ‘इंडस क्रीड’ हा मुंबईचा रॉक बँड १९९७ साली फुटला आणि २०१० साली पुन्हा उभा राहिला. जुन्या गाण्यांवर हमखास टाळ्या मिळाल्या असत्या. पण या मंडळींनी अवघड वाट धरली आणि २०१२ साली कोरी करकरीत गाणी घेऊन ते रसिकांसमोर आले.

रॉक म्हणजे नुसता गोंगाट, अशी आपल्याकडे पुष्कळ घरांतल्या वडीलधाऱ्यांची समजूत असते. लांब केस, फाटकी जीन्स आणि कान किटवणारी गिटार! पण रॉक बँड ही मुळात एक छोटी संगीत नाटक मंडळीच असते. चार-पाच जण एकत्र येतात, महिनोन्‌महिने तालमी करतात, गाणी स्वतः रचतात आणि मिळेल त्या बिदागीत गावोगाव फिरतात. मंडळी फुटतात तसे बँडही फुटतात. फुटलेली मंडळी मात्र क्वचितच पुन्हा एकत्र येतात. म्हणूनच ‘इंडस क्रीड’ची कहाणी रॉकशी फारसे सख्य नसलेल्यांनीही ऐकावी अशी आहे.

रॉक मशीनचे दिवस

या बँडचे मूळ नाव ‘रॉक मशीन’. १९८४ साली मुंबईत त्याची सुरुवात झाली. गिटारवर महेश तिनईकर आणि जयेश गांधी, बास गिटारवर मार्क सेल्विन, ड्रम्सवर मार्क मिनेझिस. पुढे गायक म्हणून उदय बेनेगल आणि कीबोर्डवर झुबिन बालापोरिया आले, आणि संच जमला.

त्या काळी बँड चालवणे म्हणजे तारेवरची कसरत होती. आयातीवर निर्बंध होते. चांगली परदेशी गिटार किंवा ॲम्प्लिफायर हवा असेल, तर परदेशातून येणाऱ्या कुणाची तरी वाट पाहावी लागे. त्यात श्रोत्यांची फर्माईश ठरलेली. त्यांना इंग्लंड-अमेरिकेतल्या प्रसिद्ध बँडची गाणी हुबेहूब हवी असत. भारतीय मुलांनी स्वतः रचलेले इंग्रजी गाणे ऐकण्याची कुणाची तयारी नसे.

‘रॉक मशीन’ने तिथेच वेगळे पाऊल टाकले. १९८८ साली ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ हा त्यांचा स्वतःच्या गाण्यांचा अल्बम आला, १९९० साली ‘द सेकंड कमिंग’. धोबीतलावच्या रंगभवनात, झेवियर्स कॉलेजच्या शेजारी, उघड्या आकाशाखाली रॉकचे कार्यक्रम रंगत. त्या पिढीतल्या अनेक मुंबईकरांनी आयुष्यातला पहिला रॉक तिथेच ऐकला.

नाव बदलले, काळही बदलला

१९९३ साली बँडने नाव बदलून ‘इंडस क्रीड’ केले. इंडस म्हणजे सिंधू नदी आणि क्रीड म्हणजे श्रद्धा. आपण पाश्चात्त्यांची नक्कल करणारे नाही, या मातीतले आहोत, हे जणू नावातच सांगितले गेले. त्याच सुमारास उपग्रह वाहिन्या घरोघरी येत होत्या. केबलची वायर जिथे पोहोचली, मग ते घर पुण्याच्या कोथरूडमधले असो की लखनऊच्या गोमती नगरमधले, तिथे एमटीव्ही दिसू लागला. ‘प्रिटी चाइल्ड’ या त्यांच्या गाण्याच्या व्हिडिओला १९९३ साली एमटीव्ही एशियाच्या प्रेक्षकपसंतीचा पुरस्कार मिळाला. १९९५ साली ‘इंडस क्रीड’ याच नावाचा अल्बम आला. आता या मुलांना आकाश ठेंगणे, असे वाटत होते.

पण ज्या वाहिन्यांनी त्यांना घरोघरी नेले, त्यांच्यावर लवकरच दुसरे वारे वाहू लागले. १९९५ मध्येच अलिशा चिनॉयचे ‘मेड इन इंडिया’ गाजले आणि हिंदी पॉपची लाट आली. हिंदीत गाणाऱ्याला देशभर श्रोता होता. इंग्रजीत स्वतःचे गाणे गाणाऱ्याला मोठ्या शहरांतला आणि कॉलेजांतला मूठभर श्रोता, आणि परदेशात जेमतेम ओळख. अशा कात्रीत सापडलेला बँड १९९७ साली थांबला.

पांगापांग

उदय बेनेगल आणि जयेश गांधी न्यूयॉर्कला गेले. तिथे त्यांनी ‘आम्स फॉर शांती’ हा भारतीय सूर आणि रॉक यांची सांगड घालणारा बँड काढला. इकडे मुंबईत रॉकची जुनी ठिकाणे एकेक करून बंद पडली. शेजारी रुग्णालये असल्याने शांतता क्षेत्राच्या नियमांत रंगभवनचाही आवाज बंद झाला. कॅसेट गेली, सीडी आली, मग संगणकावर गाणी उतरवून घेण्याचे दिवस आले. रंगभवनात नाचणारी मुले-मुली आता स्वतःच आईवडील झाले होते.

बेनेगल पुढे मुंबईत परतले. तिनईकरांच्या साथीने त्यांनी ‘व्हर्लिंग कलापाज’ या नावाने विजेच्या गिटारीचा दणदणाट बाजूला ठेवून साधे, हळुवार कार्यक्रम सुरू केले. राखेखालचा निखारा विझला नव्हता, हे यातून दिसले.

दुसरा डाव

२०१० साली ‘इंडस क्रीड’ पुन्हा जमला. बेनेगल, तिनईकर आणि बालापोरिया हे तिघे जुने. बासवर रुशाद मिस्त्री आणि ड्रम्सवर जय राव कवी हे दोघे पुढच्या पिढीतले. आपल्याकडे गाजलेले नाटक नव्या संचात रंगभूमीवर येते तेव्हा प्रेक्षक जुन्या नटांशी तुलना करतोच. तीच परीक्षा इथेही होती.

खरा प्रश्न मात्र दुसराच होता. गायचे काय? जुन्या गाण्यांना वन्समोअर ठरलेला. तरुणपण आठवणारा श्रोता तिकीट काढून येणार, सोबत गाणार आणि खूश होऊन घरी जाणार. त्यात धोका नाही, पण नवे काही घडतही नाही. नव्या गाण्यांत मात्र पडण्याची भीती पुरेपूर. जुना श्रोता म्हणतो, ‘पहिल्यासारखे नाही राहिले’, आणि नवा श्रोता विचारतो, ‘हे कोण?’

या कलावंतांनी ही भीती पत्करली. २०१२ साली ‘इव्हॉल्व्ह’ आला. मागच्या अल्बमनंतर तब्बल सतरा वर्षांनी! इव्हॉल्व्ह म्हणजे उत्क्रांत होणे, बदलत जाणे. त्याचे ध्वनिमिश्रण टिम पामर यांनी केले. ‘पर्ल जॅम’ या अमेरिकन बँडच्या ‘टेन’ या विख्यात अल्बमचे मिश्रण करणारे तेच हे पामर. गाणीही जुन्या वळणाची नव्हती. ‘फायरफ्लाइज’, म्हणजे काजवे, यासारख्या गाण्यांत ‘रॉक मशीन’च्या दिवसांतला रांगडा जोश बाजूला सारून अधिक गुंतागुंतीची, सावकाश उलगडणारी रचना आहे.

या वेळेपर्यंत परिस्थितीही थोडी अनुकूल झाली होती. लोअर परळच्या जुन्या गिरणीच्या आवारात २००७ साली ‘ब्लू फ्रॉग’ सुरू झाले होते. पुण्यात २०१० साली ‘एनएच सेव्हन वीकेंडर’ हा संगीत महोत्सव सुरू झाला. स्वतःची गाणी गाणाऱ्या बँडना तिथे हक्काचा श्रोता मिळू लागला. ज्या वाटेवर ‘रॉक मशीन’ला जवळजवळ एकट्याने चालावे लागले, तिथे आता वर्दळ होती.

जगाचा दाखला

अशी पुनरागमने जगातही झाली आहेत. अमेरिकेच्या ‘ईगल्स’ने १९७९ नंतर नव्या गाण्यांचा पूर्ण अल्बम काढला तो थेट २००७ साली. स्वीडनचा ‘अ‍ॅबा’ तर चाळीस वर्षांनी, २०२१ मध्ये नवा अल्बम घेऊन आला. पण त्यांच्यामागे कोट्यवधी श्रोते आणि आयुष्यभर पुरेल एवढी कमाई होती. ‘इंडस क्रीड’मागे यातले काहीच नव्हते. त्यांच्याकडे होती ती गाण्याची ओढ आणि जुनी मैत्री.

‘द सेकंड कमिंग’ म्हणजे दुसरे आगमन. हे नाव त्यांनी १९९० सालीच एका अल्बमला देऊन टाकले होते. खरे दुसरे आगमन व्हायला आणखी वीस वर्षे लागली. आपल्यातल्याही कितीजणांची पेटी, तबला किंवा गिटार संसाराच्या धबडग्यात माळ्यावर गेलेली असते. ती खाली काढून जुने गाणे वाजवणे आनंदाचेच. पण त्यावर एखादे नवे गाणे बसवून पाहिले, तर मधली वर्षे वाया गेली नाहीत हेही कळते. ‘इव्हॉल्व्ह’ने नेमके तेच करून दाखवले.