भरवशाचा गडी

फुटबॉलच्या सामन्यात ज्याने गोल केला, त्याचे नाव सर्वांच्या तोंडी होते. परंतु ज्याने गोल होऊ दिला नाही, त्याची आठवण किती जणांस राहते? बचावाच्या फळीतील गड्याचे काम हे असे असते. नव्वद मिनिटे त्याने चोख पहारा केला, तर तो कोणाच्या ध्यानातही येत नाही. एकच चूक झाली, तर ती मात्र सर्वांस दिसते. असे काम पंचवीस हंगाम निष्ठेने करणाऱ्या एका इटालियन खेळाडूची ही हकीकत आहे. त्याचे नाव पाओलो मालदिनी.

पाओलोचा जन्म २६ जून १९६८ रोजी मिलान शहरी झाला. त्याचे वडील चेझारे हे एसी मिलान या संघाचे नामांकित कर्णधार. १९६३ साली त्यांच्या नेतृत्वाखाली संघाने युरोपीय चषक जिंकला होता. २० जानेवारी १९८५ रोजी त्याच संघातून पाओलो प्रथम मैदानात उतरला. त्या वेळी त्याचे वय अवघे १६ वर्षांचे होते.

पाओलो मूळचा उजव्या पायाचा. परंतु त्याच्या वाट्यास मैदानाची डावी बाजू आली. त्याने कुरकुर न करता डावा पायही कसून तयार केला.

बचाव म्हणजे जमिनीवर घसरत जाऊन प्रतिस्पर्ध्याचा चेंडू हिसकावणे, असे पुष्कळांस वाटते. तथापि त्यात धोका असतो. नेम चुकला, तर घसरलेला गडी जमिनीवर पडून राहतो आणि प्रतिस्पर्ध्याची वाट मोकळी होते. त्याच्या पायास धक्का लागला, तर पंच शिक्षा देतात. म्हणून मालदिनी प्रतिस्पर्ध्याची चाल आधीच हेरी आणि योग्य जागी जाऊन उभा राही. पायांतील वेग वयाबरोबर ओसरतो; परंतु खेळाची जाण वाढत जाते. म्हणूनच पुढे तो कडेची जागा सोडून बचावाच्या मध्यभागी तितक्याच समर्थपणे खेळू शकला.

त्याला पराभव ठाऊक नव्हता असे नाही. इटलीच्या वतीने तो १२६ सामने खेळला. चार विश्वचषक स्पर्धांत उतरला. पण तो चषक त्याच्या हाती कधीच आला नाही. १९९४ साली अंतिम सामन्यात ब्राझीलने इटलीस पेनल्टींवर हरविले. २००५ साली इस्तंबूल येथे युरोपीय चषकाच्या अंतिम सामन्यात पहिल्याच मिनिटास मालदिनीने स्वतः गोल केला. मध्यंतरास मिलान ३-० असे पुढे होते. तरीही लिव्हरपूलने बरोबरी साधली आणि अखेर पेनल्टींवर चषक नेला. बचावपटूस याहून मोठे दुःख कोणते? परंतु त्याने धीर सोडला नाही. २००७ साली अथेन्स येथे त्याच लिव्हरपूलला मिलानने २-१ असे हरविले. हा मालदिनीचा पाचवा युरोपीय चषक होय. त्यापूर्वी २००३ साली, वडिलांच्या विजयानंतर बरोबर ४० वर्षांनी, त्यानेही कर्णधार म्हणून हा चषक उचलला होता.

२४ मे २००९ रोजी घरच्या मैदानावर तो अखेरचा सामना खेळला. इतक्या वर्षांच्या सेवेनंतरही आपल्याच संघाच्या काही पाठीराख्यांनी शिट्ट्या वाजवून त्याच्याविषयी नाराजी दर्शविली! मालदिनीच्या मनास ते लागले. परंतु पुढच्याच आठवड्यात फ्लॉरेन्स येथे, त्याच्या शेवटच्या सामन्यात, परक्या गावच्या प्रेक्षकांनी उभे राहून टाळ्यांच्या गजरात त्यास निरोप दिला. मिलानसाठी त्याचे ९०२ सामने पूर्ण झाले होते. त्याचा ३ क्रमांकाचा सदरा संघाने त्याच्या सन्मानार्थ राखून ठेवला.

मुलांनो, टाळ्या आणि शिट्ट्या आपल्या हाती नसतात. नेमून दिलेली जागा न सोडणे मात्र आपल्या हाती असते. पुढच्या वेळी सामना पाहाल, तेव्हा गोल करणाऱ्याकडे जरूर पाहा. पण मागे उभ्या असलेल्या त्या भरवशाच्या गड्याकडेही क्षणभर दृष्टी वळवा.