घरची स्टेशन डायरी

आमच्या घरात कॅलेंडरपेक्षा मोठा मान एका रजिस्टरला होता. जाड पुठ्ठ्याचं, लाल कापडी पाठीचं, सुतळीत ओवून स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला टांगलेलं. अण्णांची बदली झाली की आई ते सगळ्यात शेवटी काढायची आणि नव्या क्वार्टरमध्ये पहिला खिळा त्याच्यासाठी ठोकला जायचा. पोलीस ठाण्यात स्टेशन डायरी असते. कोण आलं, कोण गेलं, कसली खबर मिळाली, सगळं वेळेनिशी तिच्यात चढतं. अण्णांनी घरातही तेच सुरू केलं. ते यायचे तेव्हा आम्ही झोपलेले असायचो आणि आम्ही उठायचो तेव्हा ते झोपलेले किंवा गेलेले असायचे. बापलेकांची भेट व्हायची ती त्या पानांवर.

मला अक्षरं जोडता येऊ लागली तशी माझी ‘ठाणे अंमलदार’ म्हणून नेमणूक झाली. मी आठ वर्षांची असतानाची एक नोंद अजून आहे: ‘१७.३० वा. धाकटा पडला. गुडघा फुटला. हळद लावली.’ त्याखाली लाल पेन्सिलीने अण्णांचा शेरा: ‘पाहिले. कोणी ढकलले? खुलासा करावा.’ दुसऱ्या दिवशी मी खुलासा केला: ‘मीच.’ त्यावर शेरा: ‘पोलिसासमोरचा कबुलीजबाब ग्राह्य नाही. सबब सोडून दिले.’ तो विनोद भारतीय पुरावा कायद्याच्या पंचविसाव्या कलमावरचा होता, हे कळायला मला कॉलेजात जावं लागलं.

अण्णांचा जन्म १९४५ चा, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या एका खेड्यातला. म्हणजे ते जन्मले निजामाच्या राज्यात. १९४८ च्या पोलीस ॲक्शनच्या वेळी तीन वर्षांचे होते. गावात पोलीस येणं म्हणजे संकट येणं, अशा पिढीतली त्यांची आई. १९६७ साली पोरगा शिपाई म्हणून भरती झाल्याचं ऐकून ती रडली म्हणे, आणि ते आनंदाने नव्हे. पुढे खात्याची परीक्षा देऊन, नाशिकला ट्रेनिंग करून अण्णा फौजदार झाले. तरी गावातली म्हातारी माणसं त्यांना शेवटपर्यंत ‘अमीनसाहेब’च म्हणत. निजामाच्या राज्यात फौजदाराला अमीन म्हणायचे. राज्य गेलं, शब्द राहिला.

शिपाईपणातल्या गोष्टी ते क्वचित सांगत. १९७२ च्या दुष्काळातली एक मात्र मी चार-पाचदा ऐकली. दुष्काळी कामावर सुकडी वाटपाच्या रांगेला त्यांचा बंदोबस्त होता. हातात काठी, अंगावर हाफपँटची वर्दी, आणि रांगेत त्यांची सख्खी आत्या. ती ओळख दाखवेना आणि यांना ओळख दाखवता येईना. ‘तिचा नंबर आला तेव्हा मी पाठ फिरवून उभा राहिलो,’ एवढंच सांगून ते गप्प होत. लाजेने की तिला लाजवायचं नव्हतं म्हणून, हे मी कधी विचारलं नाही.

पोलीस लाईनीत वाढलेल्या पोरांना सण एक-दोन दिवस उशिरा येतात. गाव रंग खेळतं तेव्हा बाप चौकात उभा असतो, म्हणून लाईनीत रंग दुसऱ्या दिवशी. लक्ष्मीपूजनाला अण्णा बाजारपेठेच्या गस्तीवर, म्हणून आमचे फटाके भाऊबीजेला. लाईनीतला गणपतीही अनंत चतुर्दशीनंतर, गावाचे सगळे गणपती शांततेत बुडाले की मग जायचा. लहानपणी मला वाटायचं कॅलेंडर चुकीचं छापतात. या उशिराचा आम्हाला फार त्रास झाला असं मात्र कोणी लिहू नये. सगळ्या लाईनीचा सण एकत्र असायचा आणि दमलेले बाप एका रांगेत बसून जेवायचे. आई मात्र सणाच्या खऱ्या दिवशी नैवेद्याचं एक ताट झाकून ठेवायची, ते मध्यरात्रीनंतर गार झालेलं कोणीतरी खायचं.

अण्णा बाप म्हणून चुकले नाहीत असं नाही. मी सोळा वर्षांची असताना वर्गातल्या एका मुलाने मला रसायनशास्त्राची वही आणून दिली. रजिस्टरमध्ये मी ती नोंद इमानाने केली. अण्णांनी त्या पोराला घरी बोलावून खुर्चीवर बसवलं, चहा दिला आणि नाव, वडिलांचं नाव, गाव, एसटीची वेळ असं सगळं विचारून घेतलं. आवाज एकदाही चढला नाही. पण त्या पोराने पुन्हा माझ्याकडे मान वर करून पाहिलं नाही. त्या दिवसापासून मी लिहिणं बंद केलं. जवळजवळ सव्वा वर्ष. त्या काळातली पानं आज पाहिली की प्रत्येक तारखेसमोर लाल पेन्सिलीतला एकच शब्द दिसतो: ‘निरंक’. मी बोलत नव्हते, भाऊ आळशी होता, आणि हा माणूस रात्री दीड-दोनला घरी येऊन, बूट काढायच्या आधी, काहीही घडलं नसल्याची नोंद करत होता. माफी त्यांनी मागितली नाही. तिचा छापील नमुना खात्यात नसावा. बारावीनंतर औरंगाबादला होस्टेलवर निघाले त्या पहाटे मीच लिहिलं: ‘०६.०० वा. औरंगाबादला रवाना.’ दिवाळीला आले तेव्हा खाली शेरा होता: ‘रवानगी पाहिली. परतीची वेळ लिहावी.’

१९९३ चं रजिस्टर मी वेगळं ठेवलं आहे. आम्ही तेव्हा लातूरला होतो. २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी. अण्णा विसर्जनाच्या बंदोबस्तातून मध्यरात्र उलटून घरी आले, त्यांनी स्वतःच लिहिलं: ‘०२.४५ वा. परत. मिरवणूक शांततेत.’ सव्वा तासाच्या आत, तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी, जमीन हलली. आधी घरघर आली, मग रॅकवरची भांडी खाली आली. आईने आम्हाला अंगणात ओढलं. अण्णा दारात उभे राहून पायात बूट घालत होते. कुठे काय झालंय हे अजून कोणालाच ठाऊक नव्हतं. ‘आता बोलावणं येईल,’ एवढं ते म्हणाले. उजाडायच्या आत ते किल्लारीकडे रवाना झाले.

तिथे जे होतं ते सगळ्या महाराष्ट्राने नंतर वर्तमानपत्रांतून पाहिलं. दगडमातीच्या दीड-दोन हात रुंद भिंती, वर मातीचं जाड माळवद. उन्हाळ्यात थंडगार राहणारी ती घरं झोपलेल्या माणसांवर आली. सरकारी आकडा आठ हजारांच्या आसपासचा आहे. विसर्जनाची मिरवणूक संपवून माणसं नुकती आडवी झाली होती. नंतर पावसाने झोडपलं. ओली लाकडं पेटेनात. अण्णा तपासी अंमलदार म्हणून नावाजलेले, प्रत्येक प्रेताचा मरणोत्तर पंचनामा नेटका लिहिणारे. तिथे पंचनाम्याला पंच मिळेनात, कारण ज्यांनी पंच व्हायचं ते ढिगाऱ्याखाली होते. नाव विचारून उपयोग नव्हता, म्हणून ते विचारत, ‘हे घर कोणाचं?’ मग कोणीतरी सांगे: हे सुताराचं, हे शाळेमागचं, हे दोन भावांचं. माणूस ओळखायचा तो घराच्या जागेवरून.

लाईनीतला गणपती त्या वर्षी तीस तारखेला जायचा होता. पुरुष सगळे बाहेर. त्याला तीन दिवस तसाच ठेवला आणि मग बायकांनीच जवळच्या विहिरीत सोडला, ना वाजंत्री ना गुलाल. रजिस्टरमध्ये ती नोंद माझ्या हातची आहे. अण्णा चौदाव्या दिवशी परतले. दारातच कपडे उतरवले, आईने ते रॉकेल ओतून जाळले. आंघोळ करून ते रजिस्टरसमोर उभे राहिले आणि चौदा दिवसांच्या आमच्या नोंदी एकेक करून वाचल्या. धाकट्याचा खोकला, गॅस संपला, शेजारच्या काकूंनी पिठलं दिलं. प्रत्येकीखाली ‘पाहिले’ लिहिलं. स्वतःची नोंद एकच: ‘१९.१० वा. परत. घरी सर्व हजर.’

त्यानंतर ते माळवदाच्या घरात कधी झोपले नाहीत, अगदी गावी सुद्धा. अंगणात बाज टाकत. चार महिन्यांत, १४ जानेवारी १९९४ ला मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला, त्या बंदोबस्तातही ते होते. तिथून येताना त्यांनी तिळगूळ आणला होता, दोन दिवस उशिरा.

२००३ साली ते निवृत्त झाले, निरीक्षक म्हणून. पहिले काही महिने भर दुपारी घरी असलेल्या बापाचं काय करायचं हे आम्हाला कळेना आणि घराचं काय करायचं हे त्यांना. मग ते नातवंडांच्या शाळेच्या फाटकावर पाऊण तास आधी जाऊन उभे राहू लागले. माझ्या ऑपरेशनच्या वेळी दवाखान्याच्या बाकावर नऊ तास बसले आणि खिशातल्या वहीत तासातासाला लिहीत राहिले. माझ्या सासरच्यांना ते विचित्र वाटलं. मला वाचायला मिळालं तेव्हा त्यात बहुतेक ठिकाणी ‘डॉक्टर बाहेर आले नाहीत’ एवढंच होतं.

२०२४ च्या जुलैत नवे फौजदारी कायदे लागू झाले तेव्हा ते एकोणऐंशी वर्षांचे होते. नोकरीला लागले तेव्हा १८९८ ची फौजदारी प्रक्रिया संहिता होती, १९७४ मध्ये दुसरी आली, आता ही तिसरी. मधल्या बदलात फिर्यादीचं १५४ आणि मरणोत्तर पंचनाम्याचं १७४ हे आकडे जागेवर राहिले होते. आता तेही हलले: १७३ आणि १९४. खुनाचं ३०२ जाऊन १०३ आलं. त्यांनी भिंग घेऊन रजिस्टरच्या मागच्या पानावर जुन्या-नव्या कलमांचा तक्ता केला. चारशेवीसपाशी थांबले. ‘आता तीनशे अठरा म्हणायचं? कोणाला तीनशे अठरा म्हटलं तर तो आभार मानून जाईल,’ म्हणाले, आणि खूप दिवसांनी मोठ्याने हसले. तक्ता पुरा झाला नाही. त्याच डिसेंबरात ते झोपेतच गेले.

एकूण एकतीस रजिस्टरं आहेत. वाळवी लागू नये म्हणून धाकट्याने ती पत्र्याच्या ट्रंकेत ठेवली आहेत. बत्तिसावं दारामागे खिळ्याला आहे. आई त्यात दुधाचा हिशेब लिहिते: ‘०६.१० वा. दूध १ लिटर. मिळाले.’

मी गेले की लाल पेन्सिलीने ‘पाहिले’ लिहून येते.