कॅल्क्युलस हवेच, पण संख्याशास्त्राशिवाय अभियंता अपुरा

अमरावती आणि अकोल्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत दाखल होणाऱ्या विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षी धास्ती असते ती कॅल्क्युलसची. अवकलन, समाकलन आणि अवकल समीकरणे यांतच त्यांचा बहुतेक वेळ जातो. संख्याशास्त्र मात्र अनेक शाखांत एखाद्या प्रकरणापुरते उरते आणि परीक्षेच्या तोंडावर ‘ऑप्शन’ला टाकले जाते. डेटा सायन्सकडे न वळणाऱ्या विद्यार्थ्याला हा विषय खरोखर लागतो काय?

उत्तर बांधकामावरच सापडते. ‘एम-२५’ काँक्रीट म्हणजे २८ दिवसांनंतर प्रति चौरस मिलिमीटर २५ न्यूटन दाब सोसणारे काँक्रीट. परंतु एकाच मिश्रणाचे दोन ठोकळे सारख्याच दाबाला फुटत नाहीत. म्हणून ‘आयएस ४५६ : २०००’ या भारतीय मानकाने या ताकदीची व्याख्याच संख्याशास्त्राच्या भाषेत केली आहे. चाचण्यांचे ५ टक्क्यांहून अधिक निष्कर्ष २५ च्या खाली जाणे अपेक्षित नाही. त्यासाठी सरासरी २५ ठेवून भागत नाही. तशी ठेवल्यास जवळजवळ निम्मे ठोकळे कमी भरतील. प्रमाण विचलन ४ धरल्यास त्याला १.६५ ने गुणून २५ मध्ये मिळवावे लागते आणि मिश्रणाचे लक्ष्य ३१.६ ठरते. हा १.६५ कोठून आला हे ज्याला ठाऊक नाही, तो केवळ सूत्र वापरतो.

दुसरे उदाहरण पुराचे. अकोल्यातून वाहणाऱ्या मोर्णेसारख्या नदीवर ‘शंभर वर्षांतून एकदा’ येणाऱ्या पुराचा विचार करून पूल बांधला, असे समजू. याचा अर्थ तो पूर शंभर वर्षांनीच येईल असा नव्हे, तर दरवर्षी त्याची शक्यता १ टक्का आहे, असा होतो. ५० वर्षांत तो निदान एकदा येण्याची शक्यता सुमारे ४० टक्के भरते. हा हिशेब चुकला, तर किंमत काठावरच्या वस्तीला मोजावी लागते.

वऱ्हाडच्या शेतकऱ्याला या शास्त्राची धग अधिक जवळून जाणवते. पांडुरंग सुखात्मे आणि वि. गो. पानसे या मराठी शास्त्रज्ञांनी १९४० च्या दशकात पीक कापणी प्रयोगांना यादृच्छिक नमुना निवडीची बैठक दिली. शेत आणि त्यातील तुकडा दोन्ही चिठ्ठी काढल्याप्रमाणे निवडायचे, म्हणजे कोणाच्या मर्जीला वाव राहत नाही. १९५४ मध्ये प्रसिद्ध झालेला या दोघांचा ग्रंथ कृषी संशोधकांच्या पिढ्यांनी अभ्यासला. आज महसूल मंडळातील मोजक्या शेतांच्या कापणीवरून सरासरी उत्पादन काढले जाते आणि पीक विम्याची भरपाई ठरविताना त्याचा आधार घेतला जातो.

मग कॅल्क्युलस कमी करावे काय? मुळीच नाही. १.६५ हा आकडा प्रसामान्य वक्राखालील क्षेत्रफळातून येतो आणि ते क्षेत्रफळ समाकलनानेच मिळते. तुळई किती वाकेल हे कॅल्क्युलस सांगते. प्रत्यक्षातील तुळया त्या उत्तरापासून किती ढळतील हे संख्याशास्त्र सांगते. ‘गेट’ परीक्षेच्या बहुतेक अभियांत्रिकी शाखांच्या अभ्यासक्रमातही हे दोन्ही विषय शेजारी शेजारी आहेत.

गरज आहे ती संख्याशास्त्राला प्रकरणाऐवजी स्वतंत्र विषयाचे स्थान देण्याची. पाऊस, काँक्रीटच्या चाचण्या, कपाशीचे उत्पादन यांचे आकडे वऱ्हाडात मुबलक आहेत. ते वाचता येणे हाही अभियांत्रिकीचाच भाग आहे.