पालारच्या खोऱ्यातील मुरमाच्या वाटा

नदी : कर्नाटकातील नंदीदुर्गाच्या परिसरात उगम पावून ३४८ किलोमीटर वाहणारी पालार वर्षाचा बहुतेक काळ वरून कोरडी, परंतु वाळूखाली सजल असते, चेन्नईच्या दक्षिणेस वायलूरजवळ ती बंगालच्या उपसागरास मिळते.

इतिहास : तिच्या तीरावरील वेल्लोरचा किल्ला मराठ्यांनी दीर्घ वेढ्यानंतर १६७८ साली सर केला, तर खालच्या अंगाचा चेंगलपट्टूचा मुलूख अर्काटच्या नवाबाने १७६३ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीस जहागीर म्हणून बहाल केला.

अवश्य थांबावे : चेय्यार व वेगवती जेथे पालारला मिळतात त्या तिरुमुक्कूडल येथील मंदिरातील वीरराजेंद्र चोळाच्या अकराव्या शतकातील शिलालेखात १५ खाटांच्या रुग्णालयाची, वैद्य व औषधांसह, तपशीलवार नोंद आहे.

वाट : हमरस्ता सोडून तलावांच्या बांधांवरून, ताडांच्या सावलीतून जाणाऱ्या मुरमाच्या वाटांवर मोटारींची वर्दळ तुरळक असते, मात्र सैल वाळूत सायकलचे अरुंद टायर रुततात, म्हणून रुंद टायरच बसवावेत.

ऋतू : ऑक्टोबर ते डिसेंबर हा ईशान्य मोसमी पावसाचा काळ टाळून जानेवारी-फेब्रुवारीत निघावे, पुरेसे पाणी जवळ बाळगावे आणि पात्र कितीही कोरडे दिसले तरी पावसाळ्यात त्यात सायकल उतरवू नये.