दलालांनी काढलेला तोडगा

बंगळुरात पीण्यातल्या आमच्या शेडमध्ये दिवसभर लेथची घरघर. जेवणाच्या सुट्टीत मी मोबाइलवर दीनानाथ दलालांची जुनी चित्रं मोठी करून बघतो. बोटांना कूलंटचा वास आणि स्क्रीनवर त्यांची ती लवचिक, न अडखळणारी रेघ!

१९१६ साली गोव्यात जन्मलेले दलाल. मुखपृष्ठं, कथाचित्रं, कॅलेंडरं यांवर पोट. कथा लेखकाची, घाई प्रकाशकाची. मग मनातलं छापायचं कुठे? १९४५मध्ये त्यांनी ‘दीपावली’ हा स्वतःचा अंकच काढला. गिऱ्हाईक आपणच, चित्रकारही आपणच! हुशारी म्हणायची ही. अर्थात संपादकाची डोकेदुखीही आलीच.

बंगळुरात कुणाकडे जुने ‘दीपावली’ असतील तर सांगा, रविवारी येतो बघायला.