घाट उतरताना इंजिन काय करते?

कोल्हापूरहून रत्नागिरीकडे येणारी एस.टी. आंबा घाटाच्या तोंडाशी आली की चालक काय करतो, हे कधी लक्ष देऊन पाहिले आहे काय? आता उतार लागणार, म्हणजे इंजिनाचे काम संपले, असे आपल्याला वाटते. पण चालक खालचा गिअर टाकतो, इंजिनाचा आवाज चढतो आणि गाडी घुमत घुमत साखरप्याकडे उतरू लागते. गाडी ओढायचीच नाही, तर हा खटाटोप कशासाठी?

संगणकावर मोटारींच्या शर्यतीचे खेळ खेळणाऱ्यांना तर हा प्रश्न पडायलाच हवा. साध्या खेळात कळ दाबली की ब्रेक लागतो. शंभर वेळा दाबली तरी तो तेवढाच लागतो. खऱ्या गाडीत तसे होत नाही, कारण खेळात एक गोष्ट गाळलेली असते. ती म्हणजे उष्णता.

थोडे गणित करू. प्रवाशांसह बसचे वस्तुमान 15 टन, म्हणजे 15,000 किलोग्रॅम धरा आणि तिला 500 मीटर उंची उतरायची आहे असे समजा. वस्तुमान, गुरुत्वत्वरण (9.8) आणि उंची यांचा गुणाकार केला की स्थितिज ऊर्जा मिळते: 7 कोटी 35 लक्ष ज्यूल. पायथ्याशी बसचा वेग वाढलेला नको असेल, तर ही सारी ऊर्जा वाटेतच कोठेतरी खर्ची पडली पाहिजे. एवढ्या उष्णतेने 20 अंश सेल्सियसचे सुमारे 220 लिटर पाणी उकळू लागेल! उतरायला 20 मिनिटे लागली, तर 1 किलोवॅटच्या साठ विजेच्या शेगड्या तेवढा वेळ पेटत्या ठेवल्यासारखेच हे झाले.

यातला थोडा भाग हवेचा विरोध आणि टायरांचे घर्षण यांत जातो. बाकीचा सगळा भार ब्रेकवर टाकला तर काय होईल? ब्रेक लायनर ड्रमवर घासून दोन्ही तापतात. फार तापल्यावर लायनरचे घर्षण घटते आणि ड्रम प्रसरण पावून लायनरपासून दूर सरतो. चालक जोर लावतो, पण गाडी ऐकत नाही. मोटारगाडीत आणखी एक धोका असतो. तिच्या ब्रेकमध्ये दाब पोचवणारे तेल हवेतील ओलावा शोषते. ‘डॉट 3’ प्रतीच्या नव्या तेलाचा उत्कलनबिंदू निदान 205 अंश असतो, पण 3.7 टक्के पाणी मुरल्यावर तो 140 अंशांपर्यंत उतरू शकतो. तेल उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र सहज दाबली जाते. म्हणून पेडल तळाला टेकते आणि ब्रेक लागत नाही.

येथे इंजिन मदतीला येते. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला आणि गाडी गिअरमध्येच ठेवली, की इंजिन चाकांना फिरवीत नाही, चाकेच इंजिनाला फिरवतात. या फिरण्याला इंजिनाचा विरोध होतो. गिअर जितका खालचा, तितके चाकाच्या एका फेऱ्यात इंजिनाचे फेरे जास्त आणि विरोधही जास्त. इंजिनात निर्माण झालेली उष्णता पाणी आणि रेडिएटर बाहेर टाकतात. त्यांचे ते रोजचेच काम आहे.

हा विरोध हाताला जाणवून घ्यायचा असेल, तर सुई नसलेली स्वच्छ सिरिंज घ्या. तोंडावर बोट दाबून दट्ट्या ओढा. तो मागे खेचला जातो. पेट्रोल इंजिनात हवेची वाट जवळजवळ बंद झाली की असेच होते. आता दट्ट्या आत दाबा आणि सोडा. तो उसळून परत येतो. डिझेल इंजिनात हवेची वाट मोकळी असते. तेथे दाबलेली हवा स्प्रिंगसारखी बरीचशी ऊर्जा परत देते, म्हणून नुसत्या डिझेल इंजिनाची रोधशक्ती बेताची असते. ती वाढवण्यासाठी अनेक ट्रक-बसमध्ये धूर बाहेर जाण्याच्या नळीत झडप बसवतात. तिला एक्झॉस्ट ब्रेक म्हणतात.

याहून नामी युक्ती क्लेसी कमिन्स या अमेरिकन अभियंत्याने काढली. 1931 साली कॅलिफोर्नियातील कॅहॉन खिंड उतरताना त्याच्या डिझेल ट्रकचे ब्रेक निकामी झाले आणि आडव्या आलेल्या आगगाडीवर तो आदळता आदळता वाचला. हवा पुरती दाबली गेली की झडप उघडून तिला सोडून द्यावी, म्हणजे ती दट्ट्याला परत ढकलणार नाही, ही त्याची कल्पना. असे ब्रेक 1961 पासून बाजारात आले.

डिझेल वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रल करणारे काही जण असतात. त्यांचा हिशेब चुकतो. गिअरमध्ये उतरताना पाय उचलला की इंजिनाला होणारा इंधनपुरवठा बंद होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहण्यासाठी इंधन जळतच राहते. इंजिन बंद करणे तर त्याहून घातक, कारण बसच्या ब्रेकला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर इंजिनावरच चालतो.

विजेवर चालणाऱ्या गाडीत उतारावर मोटर जनित्र बनते आणि एरवी उष्णता होऊन वाया जाणाऱ्या ऊर्जेतला काही वाटा वीज होऊन बॅटरीत परत येतो. पण बॅटरी आधीच भरलेली असेल तर ही वीज जाणार कोठे? विचार करून पाहा.

जाणते चालक सांगतात, “ज्या गिअरात घाट चढाल, त्याच गिअरात उतरा.” या साध्या नियमामागे ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम उभा आहे. संगणकावर स्वतःचा खेळ रचणाऱ्यांनी त्यात ब्रेकचे तापमान ही एक राशी घालून पाहावी. मग पडद्यावरच्या घाटातही गिअर खाली आणल्याशिवाय सुटका नाही!