नवी कोंबडी खुराड्यात येते तेव्हा

विरारच्या पश्चिमेला, आगाशी-बोळींजच्या बाजूला, इमारतींच्या गर्दीतही काही वाड्या अजून तग धरून आहेत. केळी, माड, विहीर आणि अंगणात दाणे टिपणाऱ्या पाच-सहा कोंबड्या असे दृश्य तेथे आजही पाहायला मिळते. आमच्याकडेही सहा कोंबड्या होत्या. तीन वर्षांपूर्वी एका दुपारी मी त्यांच्यात एक तलंग, म्हणजे अजून अंडी घालू न लागलेली तरुण कोंबडी, आणून सोडली. दाणे मुबलक होते, जागाही ऐसपैस होती. वाटले, सहाच्या सात झाल्या, त्यात काय मोठेसे! संध्याकाळी पाहतो तो ती विहिरीच्या कठड्याआड डोके खुपसून बसलेली. तुरा रक्ताळलेला, मानेवरची पिसे उपटलेली. सकाळी ती मेलेली आढळली.

खायला भरपूर असताना बाकीच्यांनी तिला का मारावे? कोंबड्या दुष्ट असतात काय?

या प्रश्नाच्या उत्तराची सुरुवात एका शाळकरी मुलाने केली आहे. नॉर्वे देशातील थोर्लीफ श्येल्डरुप-एब्बे याला लहानपणापासून कोंबड्यांचे वेड होते. प्रत्येक कोंबडी तो चेहऱ्यावरून ओळखे आणि कोण कोणाला टोचते याची टिपणे ठेवी. मोठेपणी, १९२२ साली, त्याने आपले निष्कर्ष जर्मन भाषेत प्रसिद्ध केले. त्याला असे दिसले होते, की कळपातील कोणत्याही दोन कोंबड्या घेतल्या तर त्यांपैकी एक टोचते व दुसरी माघार घेते. आणि हे नाते बहुधा महिनोन् महिने तसेच राहते. सर्वांत वरची कोंबडी कोणालाही टोचू शकते, तर सर्वांत खालची कोणालाच नाही. याला आपण 'टोचाक्रम' म्हणू.

हा क्रम ऐकायला क्रूर वाटतो. पण त्याचे काम उलटे आहे. एकदा क्रम ठरला की प्रत्येक दाण्यासाठी नव्याने लढावे लागत नाही. वरचीने नुसती मान उंचावली की खालची बाजूला होते. विरार लोकलमध्ये रोजच्या प्रवाशांना कोणी कोठे बसायचे हे ठाऊक असते. त्यामुळे रोज भांडण होत नाही. एखादा नवखा माणूस डब्यात शिरला, की मात्र कुरबुर सुरू होते! तसेच हे.

आता थोडे गणित करू. सहा कोंबड्यांच्या जोड्या किती? प्रत्येकीची उरलेल्या पाचजणींशी जोडी. पण अशाने प्रत्येक जोडी दोनदा मोजली जाते. म्हणून ६ × ५ ÷ २ = १५. या पंधराही जोड्यांचे निकाल आधीच लागलेले असतात. सातवी कोंबडी आली, की जोड्या ७ × ६ ÷ २ = २१ होतात. म्हणजे सहा जोड्या अनिर्णित, आणि त्या सहाही जोड्यांत नवी कोंबडी आहेच! जुन्या प्रत्येकीला एकच झुंज द्यायची असते, नवीला मात्र सहा. माझी चूक या हिशेबात होती.

एकीऐवजी दोन तलंगा आणल्या असत्या तर? जोड्या ८ × ७ ÷ २ = २८; अनिर्णित १३. आकडा वाढला खरा. पण त्यांतील एक जोडी नव्या दोघींचीच, आणि एकत्र वाढल्या असतील तर तिचा निकाल लागलेला. उरलेल्या बारा झुंजी दोघींत वाटल्या जातात. जुन्या कोंबड्यांचे लक्षही एकीवरच राहत नाही. म्हणून अनुभवी माणसे नवी कोंबडी एकटी आणत नाहीत.

टोचाक्रम टिकतो तो आठवणीवर. गुल आणि ऑर्टमन या अमेरिकन संशोधकांनी १९५३ साली कोंबड्यांचे बाह्यरूप मुद्दाम बदलून पाहिले. डोके, तुरा व मान यांच्या रूपात फरक केला, तर ओळखीच्या कोंबड्याही परक्यासारख्या वागू लागतात, असे त्यांना आढळले. मग झुंज टाळायची तर ओळख आधी घडवायला हवी, आणि तीही चोच पोहोचणार नाही इतक्या अंतरावरून.

आपल्याकडच्या आज्या हे वेगळ्या शब्दांत सांगत आल्या आहेत. नवी कोंबडी आणली, की ती काही दिवस बांबूच्या डालग्याखाली ठेवायची. म्हणजे ती 'घर धरते'. डालग्याच्या फटींतून जुन्या कोंबड्या तिला पाहतात आणि ती त्यांना पाहते, हाही त्यातला मोठा लाभ आहे.

काहीजण नवी कोंबडी रात्री गुपचूप खुराड्यात ठेवतात. कोंबडीच्या डोळ्याला उजेडात रंग उत्तम दिसतात. अंधारात मात्र तिला फारच कमी दिसते, म्हणून ती जागची हलत नाही. रात्र शांततेत जाते. पण उजाडताच परकी कोंबडी दिसतेच! तेव्हा हा उपाय ओळख झाल्यानंतरचा, ओळखीऐवजी नव्हे.

याहूनही आधीची एक पायरी आहे. नवी कोंबडी रोग घेऊन येऊ शकते. राणीखेत या हिमालयातील गावाच्या नावाने ओळखला जाणारा 'मानमोडी' रोग सबंध खुराडे रिकामे करू शकतो. बर्ड फ्लू भारतातील कोंबड्यांत प्रथम आढळला तो २००६ साली, आपल्या नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे. फेब्रुवारी २०२२ मध्ये तो वसई-विरार भागातही आढळला. म्हणून क्रम असा ठेवावा :

पहिले तीन-चार आठवडे नव्या कोंबड्या जुन्यांपासून दूर. दाणापाण्याची भांडी वेगळी. आधी जुन्यांचे काम उरकावे, मग नव्यांकडे जावे. लसीविषयी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावे. नंतर आठवडाभर दोन्हींच्या मध्ये फक्त जाळी. मग मोकळ्या अंगणात रोज थोडा वेळ एकत्र. दाणे व पाणी दोन-तीन ठिकाणी ठेवावे, आणि पळून आडोसा घ्यायला एखादी फळी किंवा टोपली असावी. किरकोळ टोचाटोची होईल, ती होऊ द्यावी. मात्र रक्त दिसताच त्या कोंबडीला लगेच बाजूला काढावे. कारण लाल जखम बाकीच्यांची चोच पुन्हा पुन्हा खेचून घेते.

पुढच्या वर्षी मी दोन तलंगा आणल्या आणि असेच केले. चार-पाच दिवस धुसफूस झाली, मग आठहीजणी एका रांगेत दांडीवर झोपू लागल्या.

तुमच्या ओळखीत कोणाकडे कोंबड्या असतील, तर एक प्रयोग करून पाहा. प्रत्येकीच्या पायात वेगळ्या रंगाचा दोरा सैलसर बांधा. आठवडाभर रोज अर्धा तास बसून, कोणी कोणाला टोचले याचा तक्ता भरा. क्रम सरळ रांगेत लागतो, की 'अ' टोचते 'ब'ला, 'ब' टोचते 'क'ला आणि 'क' मात्र 'अ'ला, असा त्रिकोणही सापडतो? श्येल्डरुप-एब्बेला असे त्रिकोण सापडले होते. त्याच्याकडे त्या वेळी वही, पेन्सिल आणि चिकाटी यांपलीकडे कोणतेही उपकरण नव्हते.